मामंजींची साठी

"प्रमिला, तुझ्या सासऱ्यांचं वय मळता मळता माझे खांदे निखळायची वेळ आली बघ," इंदूकाकू म्हणाल्या आणि हळद घातलेल्या कणकेचा आणखी एक दिवा परातीत ठेवला.

"अजून बरेच लागतील, काकू."

"लागू देत. साठ झाले की हात थांबवत नाही मी. शंभरापर्यंत करून ठेवते, दरवर्षी एकेक वाढवत जा."

चुलीपुढं बसलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गर्रकन वळल्या. "इंदे, शंभर-बिंबर तोंडातून काढू नकोस. आजचा दिवस पदरात पडू दे आधी."

"पडला की अक्का. उजाडलं बघा बाहेर."

"उजाडून काय होतंय? ओवाळून उठले म्हणजे मी म्हणीन."

माघाचा महिना होता. म्हसवडच्या कासार गल्लीत आमचं दुकान पुढं आणि घर मागं. मी लग्न होऊन आलेली, जेमतेम दुसरं वर्ष. मामंजींना सगळं गाव दत्तूअण्णा वेळापुरे म्हणून ओळखायचं. बाईचा हात कितीही राठ असो, अंगठ्याच्या सांध्यापाशी नुसतं दाबून ते काकण असं चढवत की बाईला कळायचंसुद्धा नाही. भरून झाल्यावर बाई वाकून नमस्कार करायची आणि मामंजी "अखंड सौभाग्यवती हो" म्हणायचे. दिवसातून कितीतरी वेळा. मला ते शब्द दुकानातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखे सवयीचे झाले होते.

त्या दिवशी त्यांची साठीशांत होती. इतरांच्या घरी साठी म्हणजे एक कौतुकाचं जेवण. आमच्या घरी तसं नव्हतं. वेळापुऱ्यांच्या घरातला थोरला साठी बघत नाही, असं गल्लीतली लहान पोरंसुद्धा म्हणायची. मामंजींचे आजोबा विहिरीवर गेले ते घागरीसकट तिथंच बसले. वडील दुकानात एका बाईचा हात हातात घेऊन बांगडी भरत होते. ते भिंतीला टेकले आणि बाई म्हणत राहिली, अहो भरा की. दोघंही पन्नाशीच्या आसपास. मामंजींच्या स्वतःच्या छातीतही सिद्धनाथाच्या जत्रेत एकदा कळ आली होती. त्यातून ते उठले, पण त्यानंतर आत्याबाईंनी त्यांना काचेच्या मालासारखं जपलं. पाण्याची बादली उचलायची नाही, भांडणात बोलायचं नाही, तुपाची धार नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पुडी त्यांच्या बंडीच्या खिशात आणि दुसरी आत्याबाईंच्या कमरेला.

मामंजींचे धाकटे भाऊ रंगनाथ, आमचे रंगाकाका, यांच्याकडं मात्र कुणी त्या नजरेनं पाहिलं नाही. दुखणं थोरल्याच्या वाटणीचं, धाकट्याला त्याचं काय? काका फलटणला पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. काडीसारखा माणूस, दिवसभर सायकलवर. मूलबाळ नव्हतं, काका आणि इंदूकाकू दोघंच एकमेकांना. शेताला पाणी सोडण्याची पाळी चालू होती म्हणून काकांना रजा मिळाली नव्हती. काकू दोन दिवस आधी आल्या होत्या आणि काका सकाळच्या गाडीनं येणार होते.

आदल्या दिवाळीतली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावात लेंगरे म्हणून तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी एक खूळ घेतलं होतं. हृदयाचा आलेख काढायची मोठी पेटी स्कूटरच्या मागं बांधून ते गल्लीगल्लीतून फिरायचे आणि पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला आडवं करून तारा लावायचे. दिवाळीच्या पाडव्याला ते आमच्याकडं आले. मामंजींचा आलेख काढून झाला. माजघरात सगळे जमले होते.

"कशासाठी हा उद्योग, डॉक्टर?" रंगाकाकांनी विचारलं.

"शंभर माणसांत किती जणांना हा आजार आहे ते मोजतोय. मोठे मोठे डॉक्टर म्हणतात, हा शहरातल्या शेटजींचा रोग, खेड्यात नसतोच. मी म्हणतो, खेड्यात कुणी बघितलंय कुठं?"

"मग सापडतोय का?"

"जिथं पेटी उघडतो तिथं सापडतोय. शिंपी गल्ली, पेठ, रामोशी आळी. ज्यांना काही होत नाही असं म्हणतात त्यांच्यातसुद्धा." मग ते मामंजींकडं वळून म्हणाले, "अण्णा, तुम्ही समजता तसं हे तुमच्या घराण्याला लागलेलं काही नाही. गावात घरोघर आहे. तुमच्याकडं फक्त लक्षात राहिलं."

मामंजी हसले. "घरोघर असेल. पण आमच्यात थोरल्याला शोधत येतं."

"मग धाकट्यांनाही बघू की. या रंगनाथराव, व्हा आडवे."

"मी? मी तुमच्या मोजणीत बसतोय का? मी फलटणचा माणूस. माझं नाव घातलं तर म्हसवडचा हिशेब चुकेल तुमचा."

"हिशेबात धरणार नाही, नुसतं बघतो."

"अहो, झोपा की जरा," इंदूकाकू दारातून म्हणाल्या. "तेवढंच घरात कधी नाही ते निवांत पडलेलं बघेन मी."

"बघ, बायकोच आडवं करायला निघाली." सगळे हसले. काका कोटाची गुंडी लावत उठले. "डॉक्टर, कालव्याच्या बांधावरून रोज सायकल हाणतो मी. माझं काळीज तुमच्या पेटीत मावायचं नाही. दादांना जपा म्हणजे झालं." आणि मामंजीही म्हणाले, "राहू द्या डॉक्टर. त्याला काही होत नाही. आईच्या वळणावर गेलाय तो."

डॉक्टरांनी पेटी बंद केली.

तर साठीच्या दिवशी सकाळी मामंजी नेहमीसारखे दुकानाच्या फळ्या काढायला गेले. त्या दिवशी दुकान उघडायचं नव्हतं, पण पुढच्या बाजूला पाहुण्यांना बसायला जाजम घालायचं होतं. ते बराच वेळ आले नाहीत. आत्याबाईंचा जीव वर-खाली होऊ लागला तशी त्यांनी मला पाठवलं.

मामंजी गादीवर बसले होते. पुढ्यात बांगड्यांची पेटी नाही, काही नाही. रस्त्याकडं तोंड करून नुसते बसले होते. कपाळावर घाम होता, माघाच्या थंडीत.

"मामंजी, गोळी देऊ का?"

त्यांना माझी ओळख पटायला थोडा वेळ लागला. "नको. तुझी चुलतसासू कुठं आहे?"

"दिवे करतायत."

"करू दे," ते म्हणाले. "तिला घाई करू नका कुणी."

मी आत येऊन आत्याबाईंना घामाचं सांगितलं. त्या पदर खोचून धावल्या. त्यांनी मामंजींच्या जिभेखाली गोळी ठेवलीच. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, डॉक्टर लेंगऱ्यांना लवकर या म्हणून निरोप धाडला. घरात सगळ्यांचे आवाज एकदम खाली आले. एवढं जवळ येऊन तोंडचा घास जातो की काय, हेच ज्याच्या त्याच्या मनात. आत्याबाई देवापुढं जाऊन पुटपुटल्या, "कालिकामाते, दुपारपर्यंत. मग पुढचं पुढं."

इंदूकाकू हात धुऊन आल्या. कणीक मळताना त्यांच्या दोन बांगड्या वाढल्या होत्या. बांगडी फुटली असं कासाराच्या घरात कुणी म्हणत नाही. उरलेल्या जुन्या, विटलेल्या होत्या. "अक्का, मला भरायच्यात. ओवाळायला अशा हातांनी बसू का? फलटणला मी भरतच नाही, ते म्हणतात घरचा कासार असताना बाजारात हात कशाला द्यायचा."

"आता कुठं वेळ आहे मला?" आत्याबाई करवादल्या. घरातल्या सुनांना बांगड्या आत्याबाईच भरत. मामंजी गावातल्या सगळ्या बायकांचे हात धरत, पण धाकट्या भावाच्या बायकोचा हात त्यांनी कधी धरला नव्हता. काकू त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदरसुद्धा ढळू देत नसत.

"इंदू, इकडं ये," दुकानातून मामंजींचा आवाज आला. "मी भरतो."

आम्ही तिघी एकमेकींकडं पाहत राहिलो. काकू लाजून गोऱ्यामोऱ्या झाल्या. "भाऊजी, तुम्ही कशाला? अक्का भरतील नंतर."

"ये म्हणतो ना."

त्या जाऊन पाठमोऱ्यासारख्या बसल्या आणि हात पुढं केला. मामंजींनी फडताळातून सगळ्यात चांगली हिरवी काकणं काढली, लग्नाच्या चुड्याला ठेवायचे ती. एकेक चढवायला लागले. चौथं की पाचवं काकण त्यांच्या हातात कटकन वाढलं. मी त्या घरात आल्यापासून मामंजींच्या हातून बांगडी वाढलेली पाहिली नव्हती.

"लागलं का ग?"

"नाही भाऊजी. राहू द्या आता, आत जाऊन पडा."

"दोन्ही हात पुरे होऊ दे."

त्यांनी दोन्ही हात भरले. काकूंनी रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला. मामंजींनी तोंड उघडलं. मग म्हणाले, "सुखी राहा." एवढंच. दुखण्यानं दम लागलाय म्हणून बोलवत नसेल, असं मला वाटलं.

विनायकभट आले, चौरंग मांडला, कलश भरले. मामंजी आणि आत्याबाई पाटावर बसले. डॉक्टर लेंगरे मागं खांबाला टेकून त्यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून उभे होते.

"अण्णा, सोयर-सुतक काही नाही ना?" विनायकभटांनी सवयीनं विचारलं.

मामंजी चौरंगावरचा कलश सरळ करायला लागले.

"अण्णा?"

"चालू करा तुम्ही," मामंजी म्हणाले.

संकल्पाच्या वेळी हातावर पाणी सोडायचं होतं. मामंजींनी पळी घेतली आणि पाणी हातावर न घेता तसंच ताम्हनात ओतलं. भटजींनी दोनदा सांगितलं, दोनदा तसंच केलं. भटजी डॉक्टरांकडं बघून हळूच म्हणाले, "भान नाही राहिलेलं. लवकर आटपतो." मंत्र निम्मे म्हणून त्यांनी ओवाळायला सांगितलं.

दिवे लागले. ताट उचलायला पहिली सुवासीण म्हणून मामंजींची थोरली बहीण पुढं झाली, तर मामंजी म्हणाले, "आधी इंदू."

"अहो, मान थोरलीचा," आत्याबाई कुजबुजल्या.

"आधी इंदू."

काकूंनी ते जड ताट घेतलं. दिव्यांचा उजेड त्यांच्या तोंडावर, नथीवर आणि नव्या काकणांवर पडला होता. तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली, पण त्या क्षणी नवी नवरी वाटल्या. आणि मामंजी, साठ वर्षं ज्या दिवसाची घराण्यानं वाट पाहिली तो दिवस समोर उभा असताना, जमिनीकडं बघत होते.

पहिली पंगत बसली. रंगाकाका अजून आले नव्हते.

"आठची गाडी चुकली असेल," इंदूकाकू कुणाला तरी सांगत होत्या. "पाटाचं पाणी म्हटलं की तहानभूक विसरतात. आता अकराच्या गाडीनं उतरतील आणि वर मलाच म्हणतील, थांबली का नाहीस जेवायची."

"थांबू नकोस. पहिल्या पंगतीला बस," मामंजी म्हणाले.

"त्यांच्या आधी?"

"मी सांगतोय. बस."

त्या बसल्या. जिलबीचं ताट मामंजींनी स्वतःच्या हातात घेतलं आणि आत्याबाई "अहो, अहो" म्हणत असताना काकूंच्या पानात वाढली. पुन्हा वाढली. काकू पानावर हात आडवा धरून हसत होत्या. "भाऊजी, पुरे, पुरे! फुटेन मी." ओळीतल्या बायका ओरडल्या, "इंदे, जिलबी फुकट नाही, नाव घे." काकू आढेवेढे घेत होत्या. त्यांनी मामंजींकडं पाहिलं, थोरल्या दिरासमोर कसं घ्यायचं म्हणून. मामंजींनी मान हलवली. घे.

काकूंनी पदर सावरला आणि नाव घेतलं. "कालव्याच्या काठी उसाला पेर, रंगनाथरावांचं नाव घेते, गाडीला झालाय उशीर."

पंगत हसून हसून लोळली. मामंजी ताट खाली ठेवून वळले ते थेट दुकानात गेले. डॉक्टर लेंगरे त्यांच्या मागं धावले, आत्याबाई, हे, मी, सगळेच. मामंजी गादीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून होते. डॉक्टरांनी नाडी धरली.

"अण्णा, कुठं दुखतंय? डाव्या हातात कळ येतेय का?"

"मला काही झालेलं नाही," मामंजी म्हणाले. "डॉक्टर, तुमच्या ओळखीची जीप आहे ना, ती मागवा. फलटणला जायचंय." आणि मग, "रंगा गेला. पहाटे. छातीत कळ आली आणि गेला."

आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"कुणी सांगितलं?" ह्यांनी विचारलं.

"सकाळी फळ्या काढत होतो तेव्हा त्याच्या हाफिसातला माणूस आला होता मोटारसायकलवर. परत पाठवला मी त्याला. म्हटलं, दुपारी तिला घेऊन येतो."

आत्याबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "आणि तुम्ही पाटावर बसलात?"

"शांत माझी झाली नाही. कळलं तेव्हाच सुतक लागलं मला. पाणी सोडलेलं नाही मी. विनायकभटांना सांगा, त्यांना दोष नाही." मग म्हणाले, "बांगड्या भरायच्या म्हणत होती ती. ओवाळायचं म्हणत होती. पुन्हा कधी म्हणणार आहे? अर्धा दिवस तरी राहू दे म्हटलं."

"थोरल्याला, थोरल्याला म्हणत राहिलो," ते डॉक्टरांना म्हणाले. "तुम्ही गावाची मोजणी नीट केलीत, डॉक्टर. घराची मी चुकवली."

डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी मी त्यांना धरून झोपवायला हवं होतं." पंचविशीतलाच माणूस तो.

इंदूकाकूंना मीच बोलावून आणलं. त्या तोंड पुसत, हसत आल्या, "काय ग, आले का?" म्हणत. दुकानातली तोंडं पाहून त्यांना वाटलं, मामंजींचंच काहीतरी. त्या मामंजींच्या पुढ्यात खाली बसल्या. "भाऊजी, काय होतंय?"

मामंजींनी सांगितलं. मी ते शब्द लिहीत नाही. सांगून झालं तरी काकू तशाच बसून राहिल्या. रडल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी."

"बांगड्या भरायच्या आधी का नंतर?"

काकूंनी दोन्ही हात त्यांच्यापुढं केले, सकाळी केले होते तसेच. "काढा आता."

"इंदू, हे आमच्या हातून होत नाही. कासार भरतो."

"भरायचं झालं की तुमच्या हातून." त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. "ते तिथं परक्या माणसांत पडलेत सकाळपासून. मी इथं नाव घेत होते. मला कुणी विचारलं होतं का, तुला काय पाहिजे म्हणून?"

जीप आली. काकू, मामंजी, हे आणि मी असे गेलो. डॉक्टर मामंजींसाठी बरोबर आले. वाटभर काकू समोर बघत होत्या. कालव्याचं पाणी दिसायला लागलं तेव्हा एकदाच म्हणाल्या, "पाणी सोडलंय." फलटणला खात्याच्या चाळीपुढं माणसं जमली होती. दारातल्या बायकांनी काकूंच्या हातांकडं पाहिलं. मनगटापासून वर भरलेला नवा कोरा चुडा. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बाईला अजून कुणी सांगितलं नाही वाटतं." ते काकूंनी ऐकलं. मामंजींनीही ऐकलं.

काका खाटेवर होते. शेजारच्या खुंटीला इस्त्री केलेला कोट टांगलेला होता, म्हसवडला यायला काढलेला.

काकू परत म्हसवडला आल्या नाहीत. आम्ही न्यायला गेलो, आत्याबाई गेल्या, पायापर्यंत वाकल्या. काकूंनी फलटणलाच बालवाडीत काम धरलं आणि एका खोलीत राहिल्या. मामंजींशी भांडल्या नाहीत, कुणापाशी त्यांच्याबद्दल वाईट बोलल्या नाहीत. फक्त आल्या नाहीत.

मामंजी जगले. ज्याला सगळे जपत होते तो त्या दुखऱ्या छातीनिशी जगला. मधल्या काळात गल्लीतली किती माणसं त्याच आजारानं गेली! समोरचे, शेजारचे, देवळातले पुजारी. दर वेळी मामंजी खांदा द्यायला जायचे आणि आल्यावर डॉक्टरांना विचारायचे, "हा होता का तुमच्या मोजणीत?" डॉक्टर लेंगऱ्यांची मोजणी कुठंतरी छापून आली म्हणतात, आम्ही काही ती पाहिली नाही. आता तर आमच्या भजनी मंडळात बायका एकमेकींना सहज विचारतात, तुमच्याकडं कुणाला स्प्रिंग बसवली, एक की दोन? कुणाला नवल वाटत नाही, भीतीही फारशी वाटत नाही.

मामंजी ऐंशीच्या पुढं गेले तेव्हा ह्यांनी सहस्रचंद्रदर्शनाचा विषय काढला. मामंजी म्हणाले, "माझी साठीच व्हायचीय अजून. ऐंशी कुठनं काढलीत?" त्या आठवड्यात त्यांनी मला एकटीला हाक मारली. आत्याबाई तेव्हा हयात नव्हत्या.

"फलटणला जाऊन येशील? तिला विचारून ये. माझं चुकलं का म्हणावं. एवढंच. मी आलो तर ती बोलायची नाही."

मी गेले. इंदूकाकू म्हाताऱ्या झाल्या होत्या, एका डोळ्यानं कमी दिसायचं. मी आडवळणानं विषय काढला, तर त्याच म्हणाल्या, "भाऊजींनी पाठवलं ना तुला?"

"हो."

त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"प्रमिला, त्या दिवशी मी पोटभर जेवले. जिलब्या खाल्ल्या. ते आठवलं की आजही माझ्या घशाशी येतं." सूप बाजूला ठेवून त्यांनी पाय लांब केले. "आणि दुसरंही आहे. लोकांसाठी हे पहाटे गेले. माझ्यासाठी दुपारपर्यंत होते. गाडीत बसले होते, गाडी वाटेत होती. ती सकाळ भाऊजींनी मला दिली, का माझ्याकडनं नेली? वीस वर्षं झाली. एक दिवस असं वाटतं, एक दिवस तसं. काय निरोप देऊ तुझ्याजवळ?"

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "चल, भात टाकते. उपाशी जाऊ नकोस."

मी संध्याकाळी घरी आले तर मामंजी दुकानाच्या गादीवर वाट बघत बसले होते. बांगड्यांची पेटी कधीच बंद झाली होती. आता तिथं माझा मुलगा मोबाइल विकायचा. काकू जे जसं बोलल्या ते मी तसंच सांगितलं, जिलब्यांचंही. मामंजींनी मधे एकदाही मला थांबवलं नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला जेवायला वाढलं का तिनं?"

"वाढलं, मामंजी."

"बसून? का नुसतं ताट दिलं?"

"समोर बसून. दोनदा भात वाढला."

"मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि माझ्या आधाराची वाट न बघता भिंतीला धरून उठायला लागले.